बहीण वाचली नाही, पण फिट मेंदूत कुठून सुरू होते हे शोधायचं तंत्र या डॉक्टरांनी जगाला दिलं

रस्त्यात कुणाला फिट आली की आपल्याकडे पुढचा सीन ठरलेला असतो. गर्दी जमते. कुणीतरी कांदा आणायला पळतं, कुणी पायातली चप्पल काढून त्या माणसाच्या नाकाला लावतं. थोड्या वेळाने फिट थांबते आणि सगळ्यांना वाटतं, वासाने गडी शुद्धीवर आला.

खरंतर बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. त्यात कांद्याचा आणि चपलेचा काहीही हात नसतो.

पण वासाचा आणि फिटचा एक संबंध खरोखरच आहे, फक्त तो उलट्या दिशेने आहे. काही पेशंटना फिट यायच्या काही सेकंद आधी वास येतो. काहीतरी जळल्याचा, कुजल्याचा. आजूबाजूला तसं काहीच नसतं. तो वास मेंदूच्या आतच तयार झालेला असतो.

हा वास म्हणजे एक पुरावा आहे, फिट मेंदूत नेमकी कुठून सुरू झाली याचा पत्ता सांगणारा, असं म्हणून त्याच्या मागावर जाणारे एक डॉक्टर होते. त्यांचं नाव डॉ. विल्डर पेनफिल्ड.

२६ जानेवारी २०१८ ला आपण प्रजासत्ताक दिन साजरा करत होतो, तेव्हा दुसऱ्या काही देशांत गुगलच्या डूडलवर मेंदूचं चित्र होतं आणि सोबत जळका टोस्ट. त्या दिवशी पेनफिल्ड यांची १२७ वी जयंती होती. कॅनडात तर शाळकरी पोरांनाही हा टोस्ट माहीत असतो. १९९१ मध्ये तिथल्या टीव्हीवर पेनफिल्ड यांच्यावर एक मिनिटाची फिल्म आली होती. त्यात एका बाईला फिट यायच्या आधी जळक्या टोस्टचा वास येतो आणि पेनफिल्ड ऑपरेशन टेबलवर तो वास जिथून येतो ती जागा शोधून काढतात.

फिल्म नाट्यमय आहे. पण खरी गोष्ट तिच्यापेक्षा मोठी आहे, आणि जास्त त्रासदायकही.

आईने तेराव्या वर्षीच ध्येय ठरवून टाकलं

विल्डर पेनफिल्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ चा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावचा. वडील डॉक्टर होते, पण त्यांची प्रॅक्टिस काही चालेना. घरची घडी विस्कटली. विल्डर आठ वर्षांचा असताना आई पोरांना घेऊन विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावी माहेरी आली.

आई जिद्दीची होती. विल्डर तेरा वर्षांचा असताना तिला ऱ्होड्स स्कॉलरशिपची माहिती कळली. ऑक्सफर्डला शिकायला पाठवणारी ही स्कॉलरशिप नुसत्या अभ्यासू पोरांना मिळत नव्हती, खेळ आणि नेतृत्वही बघितलं जायचं. आईने ठरवलं, आपल्या पोराला ही मिळालीच पाहिजे.

मग विल्डर प्रिन्स्टनला गेला, तिथे फुटबॉल खेळला, कुस्ती खेळला, वर्गाचा प्रतिनिधी झाला. वडिलांचं अपयश बघितल्यामुळे डॉक्टर व्हायचं नाही असं त्याच्या मनात होतं. पण कॉलेजात जीवशास्त्र शिकता शिकता मत बदललं. शिक्षण झाल्यावर त्याने काही काळ फुटबॉलचं कोचिंग केलं आणि शेवटी ऱ्होड्स स्कॉलरशिप मिळवून ऑक्सफर्ड गाठलं.

तिथे त्याला दोन गुरू भेटले. एक सर विल्यम ऑस्लर, त्या काळातले सगळ्यात नावाजलेले डॉक्टर. दुसरे चार्ल्स शेरिंग्टन. शेरिंग्टन प्राण्यांच्या मेंदूवर विजेचा हलका स्पर्श करून बघायचे, कुठे स्पर्श केला की कोणता अवयव हलतो. मेंदू हा न उलगडलेला प्रदेश आहे आणि त्याचा नकाशा काढता येतो, हे पेनफिल्ड यांच्या डोक्यात तिथेच बसलं.

पण त्याआधी जिवावर बेतलं.

पहिलं महायुद्ध चालू होतं. २४ मार्च १९१६ ला पेनफिल्ड ससेक्स नावाच्या जहाजातून इंग्लंडहून फ्रान्सला निघाले होते. जर्मन पाणबुडीने जहाजावर टॉर्पेडो मारला. जहाजाचा पुढचा भाग उडाला. पेनफिल्ड फेकले गेले, पाय जायबंदी झाला. ते मेले असं समजून अमेरिकेतल्या एका पेपरात मृत्यूची बातमीसुद्धा छापून आली. प्रत्यक्षात ते ऑस्लर यांच्या घरी बरे होत होते.

१९१७ मध्ये हेलन करमॉट यांच्याशी लग्न झालं, १९१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टरकी पूर्ण झाली. त्यानंतर ते हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली राहिले, पुन्हा ऑक्सफर्ड आणि लंडनला जाऊन आले आणि मग न्यूयॉर्कमध्ये मेंदूची ऑपरेशन्स करू लागले.

फिटचा उगम शोधायचा म्हणजे नेमकं काय?

आता थोडं थांबून फिट म्हणजे काय ते बघू.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात. एरवी हे बोलणं शिस्तीत चालतं. फिटच्या वेळी काही पेशी एकदम, एकाच वेळी, बेफाम संदेश सोडायला लागतात. काही पेशंटमध्ये हे संपूर्ण मेंदूत एकदम होतं. पण बऱ्याच जणांत त्याची सुरुवात एका ठरावीक जागी होते आणि मग ती आग पसरत जाते.

ती जागा हाताच्या हालचालीची असेल तर आधी बोटं थरथरतात. नजरेची असेल तर डोळ्यांसमोर प्रकाश चमकतो. वासाची असेल तर जळका वास येतो. इंग्लंडमधले डॉक्टर जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच हे ताडलं होतं. १८८६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ले यांनी याच तर्कावर विसंबून मेंदूतला व्रण काढून फिट थांबवायचं ऑपरेशनही केलं होतं.

म्हणजे जागा सापडली तर ती काढून टाकता येते. प्रश्न एवढाच होता की जागा सापडणार कशी?

एमआरआय नव्हता, सीटी स्कॅन नव्हता. एक्सरे होता, पण एक्सरेत कवटीचं हाड दिसतं, आतला मऊ मेंदू दिसत नाही. यावर तेव्हा एक जीवघेणा उपाय होता. पेशंटच्या कमरेतून सुई घालून मेंदू-मणक्यातलं पाणी काढायचं आणि त्या जागी हवा भरायची. ही हवा वर चढून मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये जायची आणि मग एक्सरेत त्या पोकळ्यांचा आकार दिसायचा. पेशंटचं डोकं त्यानंतर कित्येक तास ठणकायचं, उलट्या व्हायच्या.

१९२८ मध्ये पेनफिल्ड काही महिने जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे शिकायला गेले. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. फोर्स्टर यांच्याकडे महायुद्धात डोक्याला जखमा झालेले अनेक सैनिक यायचे. जखम भरली होती, पण वर्षांनंतर फिट सुरू झाल्या होत्या.

फोर्स्टर आणि पेनफिल्ड यांनी त्या हवेच्या एक्सरेंमध्ये एक गोष्ट पाहिली. ज्या बाजूला जुना व्रण आहे, त्या बाजूला मेंदूतली पोकळी ओढली गेलेली असायची. भाजलेली कातडी भरताना आजूबाजूची कातडी ओढून घेते, तसंच मेंदूतला व्रण आक्रसताना आसपासचा मेंदू ओढून घेत होता. म्हणजे एक्सरेत व्रण दिसत नव्हता, पण त्याने केलेली ओढाताण दिसत होती. १९३० मध्ये दोघांनी हा अभ्यास छापला.

मेंदूचं चित्र काढून फिटचा पत्ता शोधायची ही सुरुवातीची पावलं होती.

फोर्स्टर यांच्याकडे पेनफिल्ड अजून एक गोष्ट शिकले. पेशंटला पूर्ण भूल न देता, फक्त डोक्याची कातडी बधिर करून, तो जागा असताना मेंदू उघडायचा.

ऑपरेशन टेबलवर सख्खी बहीण

जर्मनीहून पेनफिल्ड थेट कॅनडात मॉन्ट्रियलला गेले. रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटल आणि मॅकगिल विद्यापीठात त्यांना काम मिळालं होतं. सोबत न्यूयॉर्कमधले सहकारी विल्यम कोन होते. जेमतेम बस्तान बसत होतं, तोवर डिसेंबर १९२८ उजाडला.

पेनफिल्ड यांची मोठी बहीण रूथ मॉन्ट्रियलला आली. वय ४३, सहा मुलांची आई. तिला तरुणपणापासून फिट यायच्या. आता डोकेदुखी वाढली होती, नजर जायला लागली होती. तपासणीत कळलं, मेंदूच्या उजव्या बाजूला पुढच्या भागात मोठी गाठ आहे. इतकी वर्षं फिट का येत होत्या, त्याचं उत्तर हे होतं.

स्वतःच्या बहिणीवर ऑपरेशन करावं का? कुणीही डॉक्टर शक्यतो हे टाळतो. पण मेंदूची अशी ऑपरेशन्स करणारी माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पेनफिल्ड यांनी ऑपरेशन स्वतः केलं, कोन मदतीला होते.

गाठ वाटली त्यापेक्षा खूप पसरलेली होती. पेनफिल्ड यांनी उजव्या बाजूचा पुढचा जवळजवळ सगळा भाग काढला. रक्तस्राव प्रचंड झाला. तरी गाठीचा थोडा भाग आत राहिलाच. तो काढायला गेले असते तर रूथ टेबलवरच गेली असती.

रूथ घरी परतली. चालत होती, बोलत होती, हसत होती, पोरांवर माया करत होती. भावाला वाटलं, निदान माणूस म्हणून ती होती तशीच आहे.

मग साधारण सव्वा वर्षाने पेनफिल्ड तिच्याकडे जेवायला गेले. रूथने भावासाठी आणि घरच्या चौघांसाठी स्वयंपाकाचा बेत केला होता. असा बेत तिने आयुष्यभर डोळे मिटून केला होता. जेवायची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. सामान सगळं होतं. एक-दोन पदार्थ चुलीवर होते. बाकीचं तसंच पडलेलं होतं. आधी काय, नंतर काय, हे तिला जुळवताच येत नव्हतं. ती रडवेली झाली होती. कुणीतरी बाजूला उभं राहून मदत केली, तेव्हा जेवण पार पडलं.

हे बघणारा माणूस एकाच वेळी तिचा भाऊ होता आणि तिचा मेंदू कापणारा डॉक्टरही होता.

मेंदूचा पुढचा भाग कामांची आखणी करतो, हे पेनफिल्ड यांनी त्या स्वयंपाकघरात पाहिलं. पुढे १९३५ मध्ये त्यांनी तिची केस शास्त्रीय लेखात मांडली. रूथची गाठ पुन्हा वाढली. कुशिंग यांनीही तिच्यावर ऑपरेशन केलं. पण १९३१ मध्ये ती गेली.

एकटा सर्जन कितीही हुशार असला तरी पुरत नाही, हे तिच्या जाण्याने पेनफिल्ड यांना पक्कं कळलं. सर्जन, पेशंटच्या लक्षणांचा अभ्यास करणारा न्यूरॉलॉजिस्ट, पेशी तपासणारा, विजेचे संदेश वाचणारा, अशी सगळी माणसं एका छताखाली हवीत. त्यांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे मदत मागितली. पहिल्यांदा नकार मिळाला. पण १९३२ मध्ये बारा लाखांहून जास्त डॉलर मंजूर झाले आणि १९३४ मध्ये मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली.

जागा पेशंट, उघडा मेंदू आणि कागदाचे चिटोरे

इथे सुरू झाली ती पद्धत पुढे मॉन्ट्रियल प्रोसिजर म्हणून ओळखली गेली.

पेशंट टेबलवर जागा असायचा. ऐकायला भयंकर वाटतं, पण मेंदूला स्वतःला दुखत नाही. वेदना कळते ती कातडीला आणि कवटीच्या आतल्या आवरणाला. तेवढं बधिर केलं की पेशंट गप्पा मारू शकतो.

पेनफिल्ड विजेच्या सौम्य प्रवाहाची तार मेंदूच्या पृष्ठभागावर एका जागी टेकवायचे. अंगठा हलला? ओठाला मुंग्या आल्या? पेशंट सांगायचा, नोंद व्हायची आणि त्या जागेवर आकडा लिहिलेला कागदाचा बारीक चिटोरा ठेवला जायचा. सगळं झालं की मेंदूचा फोटो काढायचा. हा फोटो म्हणजे त्या माणसाच्या मेंदूचा त्याचा स्वतःचा नकाशा.

पेशंट मनाचं सांगत नाही ना, याचीही परीक्षा असायची. पेनफिल्ड कधी न सांगता तार टेकवायचे, कधी टेकवली असं सांगून टेकवायचेच नाहीत.

या शोधाला दोन टोकं होती. एक, फिट जिथून सुरू होते ती जागा. तिथे तार टेकवली की पेशंटला फिटच्या आधी जे जाणवतं तेच हुबेहूब जाणवायचं. दोन, जी जागा काढली तर पेशंट बोलायचा बंद होईल किंवा हात लुळा पडेल ती जागा. पहिली काढायची, दुसरीला हात लावायचा नाही. दोन्ही एकमेकींना खेटून असल्या, तर खरी कसोटी.

एका पेशंटला फुलपाखराचं चित्र दाखवलं तेव्हा तार बोलण्याच्या जागेवर होती. त्याला चित्र ओळखू येत होतं, पण शब्द येत नव्हता. वैतागून त्याने चुटकी वाजवली. तार उचलताच शब्द आला. नंतर त्याने सांगितलं की फुलपाखरू आठवेना म्हणून त्याने पतंग हा शब्द शोधायचा प्रयत्न केला, पण तोही सापडला नाही. ती जागा पेनफिल्ड यांनी सोडून दिली.

१४ वर्षांच्या एका मुलीची केस तर अंगावर काटा आणणारी आहे. तिच्या फिटची सुरुवात एका दृश्याने व्हायची. ती सात वर्षांची असताना भावांच्या मागून कुरणातून चालली होती. मागून एक अनोळखी माणूस आला आणि सापांच्या पोत्यात येतेस का असं विचारून त्याने तिला घाबरवलं. ती पळत घरी आली. पुढे प्रत्येक फिटच्या आधी तेच कुरण, तोच माणूस, तीच भीती. पेनफिल्ड यांनी कानशिलाच्या बाजूच्या भागावर, म्हणजे टेम्पोरल लोबवर, तार टेकवली आणि टेबलवरच ती मुलगी पुन्हा त्या कुरणात पोहोचली.

आयुष्यातली प्रत्येक आठवण मेंदूत रेकॉर्ड होऊन पडलेली असते, असं पेनफिल्ड यांना अशा केसेसवरून वाटू लागलं. हा मुद्दा मात्र पुढे टिकला नाही. त्यांच्याच १९६३ च्या मोजणीत टेम्पोरल लोब तपासलेल्या ५२० पेशंटपैकी फक्त ४० जणांना असे अनुभव आले होते. त्यातले किती खऱ्या आठवणी आणि किती मेंदूने रचलेली स्वप्नं, हेही सांगता येत नाही.

या सगळ्या नकाशांतून १९३७ मध्ये एक विचित्र माणूस जन्माला आला. मोठाले ओठ, मोठाली बोटं, इवलंसं धड. त्याचं नाव होमनक्युलस. शरीराच्या कोणत्या भागाला मेंदूत किती जागा मिळाली आहे, ते दाखवणारं हे चित्र आज जगभरातल्या मेडिकलच्या पुस्तकांत असतं.

वीज ऐकणारा मित्र आणि लाल झालेल्या शिरा

तरी एक अडचण होतीच. हे सगळं कवटी उघडल्यावर. उघडायची कोणत्या बाजूने, हे आधी कसं कळणार?

इथे हर्बर्ट जॅस्पर आले. जर्मनीत हान्स बर्गर यांनी डोक्याला तारा लावून मेंदूची वीज कागदावर उतरवली होती. हाच ईईजी. जॅस्पर अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात त्यावर काम करत होते आणि फिटची जागा यातून कळते असं त्यांचं म्हणणं होतं. पेनफिल्ड यांचा आधी विश्वास बसला नाही. मग जॅस्पर यांनी दाखवलेली जागा ऑपरेशनमध्ये पडताळून पाहिली गेली. काही काळ जॅस्पर मशीन गाडीत टाकून मॉन्ट्रियलला यायचे, नंतर तिथलेच झाले. दोघांनी १९५४ मध्ये मिरगी आणि मेंदूवर लिहिलेला ग्रंथ पुढे कित्येक वर्षं या विषयाचा पाया मानला गेला.

दुसरी गोष्ट पेनफिल्ड यांनी डोळ्यांनी पाहिली. ऑपरेशन चालू असताना कधी कधी पेशंटला फिट यायची. तेव्हा त्या भागातल्या शिरांमधलं काळपट रक्त लालभडक दिसू लागायचं. म्हणजे फिट पेटली की त्या जागेकडे रक्ताचा लोंढा वाढतो. १९३० च्या दशकात त्यांनी यावर प्रयोग करून हे मोजलं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

जी चूक दिसली नाही, कारण दिसायची सोयच नव्हती

१९५० च्या सुमारास पेनफिल्ड यांच्या दोन पेशंटच्या बाबतीत आक्रीत घडलं. एक सिव्हिल इंजिनिअर होता, दुसरा हातमोजे कापायचं काम करायचा. दोघांचाही डाव्या बाजूच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला होता. त्यात हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा अवयव होता. असं ऑपरेशन आधी बऱ्याच जणांवर झालं होतं, कुणाला फारसा त्रास झाला नव्हता.

या दोघांची मात्र नवी आठवण तयार होणंच बंद झालं. हुशारी तशीच, जुन्या गोष्टी आठवतात, पण थोड्या वेळापूर्वीचं पुसलं जातंय.

तरुण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर तेव्हा तिथे काम करत होत्या. मिलनर आणि पेनफिल्ड यांनी अंदाज बांधला की या दोघांचा उजव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आधीपासूनच खराब असणार. एक खराब होता, दुसरा आपण काढला, म्हणजे दोन्ही गेले. १९६४ मध्ये इंजिनिअर वारल्यावर त्याचा मेंदू तपासला गेला आणि अंदाज खरा निघाला. उजवा हिप्पोकॅम्पस सुकून गेलेला होता.

आज एमआरआयमध्ये सुकलेला हिप्पोकॅम्पस ऑपरेशनच्या आधीच दिसू शकतो. पेनफिल्ड यांना तो पेशंट गेल्यावर दिसला.

पेनफिल्ड यांनी ही केस दडवली नाही. १९५५ मध्ये त्यांनी आणि मिलनर यांनी ती इतर डॉक्टरांपुढे मांडली. पुढे जपानचे डॉ. जुन वाडा मॉन्ट्रियलला आले. त्यांची पद्धत अशी होती की मानेच्या रक्तवाहिनीतून औषध देऊन मेंदूची एक बाजू काही मिनिटं झोपवायची आणि उरलेली बाजू एकटी बोलू शकते का, लक्षात ठेवू शकते का, ते आधीच तपासायचं. वाडा टेस्ट म्हणून ती जगभर वापरली गेली.

वेल्लोरपर्यंत पोहोचलेला धागा

पेनफिल्ड यांच्याकडे शिकायला जगभरातून डॉक्टर यायचे. त्यातलेच एक केरळचे डॉ. जेकब चांडी. मॉन्ट्रियलला शिकून ते परत आले आणि १९४९ मध्ये त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. मिरगीवरची ऑपरेशन्सही तिथे १९५० च्या दशकात सुरू झाली.

पेनफिल्ड यांना ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट मिळाला, कॅनडाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. १९६० मध्ये निवृत्त झाल्यावर ते लेखनात रमले. मेंदू आणि मन एकच का, या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. तलावाकाठच्या आपल्या शेतघराला त्यांनी नाव दिलं होतं ससेक्स हाऊस. ज्या जहाजावर ते मरता मरता वाचले, त्याचंच नाव.

आत्मचरित्राचं काम संपवून काही आठवडे झाले आणि ५ एप्रिल १९७६ ला कॅन्सरने त्यांचं निधन झालं. ज्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये त्यांनी इतकी वर्षं ऑपरेशन्स केली, तिथेच.

आज काय होतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना मिरगी आहे. योग्य उपचार मिळाले तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. पण ज्यांना दोन योग्य औषधं नीट घेऊनही फरक पडत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात. आणि मग तोच जुना शोध सुरू होतो.

एमआरआयमध्ये व्रण, गाठ किंवा सुकलेला हिप्पोकॅम्पस शोधतात. हवेच्या एक्सरेत जी ओढाताण आडून दिसायची, ती गोष्ट आता थेट दिसते. व्हिडिओ ईईजीत पेशंटला काही दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवून फिट आणि मेंदूची वीज एकत्र रेकॉर्ड करतात. एमआरआयमध्ये काही दिसलं नाही तर पेट स्कॅन करतात. फिट नसतानाच्या काळात मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतोय, म्हणजे सुस्त पडलाय, ते त्यात कळतं.

आणि स्पेक्ट स्कॅन. यात फिट सुरू झाल्या झाल्या शिरेतून किरणोत्सारी औषध देतात. रक्ताचा लोंढा जिकडे वाढलाय तिकडे ते जास्त जातं आणि नंतरच्या स्कॅनमध्ये ती जागा उजळून दिसते. पेनफिल्ड यांनी उघड्या मेंदूवर पाहिलेल्या त्या लालभडक शिरा आठवतायत? तेच तत्त्व, आता कवटी न उघडता.

बोलण्याची आणि हालचालीची जागा शोधायला फंक्शनल एमआरआय असतो. त्याच तंत्राने २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी होमनक्युलस पुन्हा तपासला आणि पेनफिल्ड यांच्या नकाशात न दिसलेल्या जागा सापडल्या. त्या एखाद्या अवयवापुरत्या नाहीत, संपूर्ण शरीराची हालचाल जुळवायला मदत करतात असं दिसतंय.

इतकं असूनही कधी कधी सगळे स्कॅन वेगवेगळ्या जागा दाखवतात. मग मेंदूत बारीक तारा घालून बघावं लागतं. बोलण्याच्या जागेजवळ ऑपरेशन असेल तर आजही पेशंटला जागं ठेवून, तार टेकवून, चित्रं दाखवून विचारतात.

आणि या सगळ्या मशीनच्या आधी डॉक्टर नातेवाईकांना एक साधा प्रश्न विचारतात. फिट सुरू झाली तेव्हा सगळ्यात आधी काय झालं? डोळे कुठे वळले, कोणता हात आधी आखडला, त्याआधी तो काही बोलला का, कसला वास आला म्हणाला का? बहुतेक घरांत याचं उत्तर नसतं, कारण त्या वेळी सगळे कांदा शोधत असतात.

म्हणून पुढच्या वेळी कुणाला फिट आली तर चप्पल पायातच राहू द्या. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नका, त्याला दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा माणूस पहिल्यांदाच पडला असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

आणि घरचंच माणूस असेल, तर एकाने मोबाईल काढून व्हिडिओ घ्या. तो स्टेटसला टाकायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचा. आधी कोणतं बोट हललं हे त्या व्हिडिओत दिसलं, तर शोध कुठून सुरू करायचा हे डॉक्टरांना कळतं.